वाढत्या अंगाचं धनुष्य

वऱ्हाडात लेकराचा कपडा लेकराच्या मापाचा शिवत नाहीत, पुढच्या वर्षीच्या लेकराच्या मापाचा शिवतात. टेलरनं टेप लावायची, लेकरानं हात वर करून उभं राहायचं आणि आईनं बाजूला उभं राहून म्हणायचं, "दोन बोटं जास्तच ठेवजा भाऊ, वाढतं अंग हाय." चपलेचंही तेच. पुढं कापूस कोंबायचा आणि लेकराला सांगायचं, नीट चाल. अशी निम्मी वऱ्हाडी माणसं बालपणभर ढगळ कपड्यांत हिंडतात, आणि कपडा अंगाला बरोबर बसू लागला की तो फाटायला आलेला असतो.

भातकुलीची सीमा या शास्त्रात मुरलेली बाई. अमरावती-धारणी गाडीवर ती कंडक्टर आहे. नवरा कुलदीप गावालगतच्या मळ्यात पालक, मेथी, वांगी पिकवतो. एकुलती एक मुलगी खुशी. तिचा शाळेचा ड्रेस सीमानं कधीच मापाचा घेतला नाही. त्यात कंजुषी होती असं नाही. मुलगी वाढणारच, ही आईची खात्री होती, आणि त्या खात्रीला नाही म्हणण्याची हिंमत कुठल्याच टेलरमध्ये नव्हती.

खुशी चौदा वर्षांची असताना तिच्या शाळेतले पीटीचे सर मैदानावर बांबूच्या धनुष्यानं नेम शिकवायचे. पोरीचा नेम चांगला लागायचा. कुणीतरी सांगितलं, आजकाल चाकांचं कंपाउंड धनुष्य असतं, पुढं जायचं तर ते घ्या. अमरावतीत योगेश नावाचा एक खेळाडू नोकरी लागल्यानं आपलं धनुष्य विकून नागपूरला निघाला होता. सीमा खुशीला घेऊन त्याच्या घरी गेली. त्यानं पोरीचे हात पसरून टेप लावली आणि दोरी किती मागं यायला हवी त्याचं माप काढलं. किल्लीनं तो चाक फिरवायला लागला तशी सीमा म्हणाली, "दोन इंच जास्तच ठेवा भाऊ. वाढतं अंग हाय."

"ताई, हे अंगाले बसलं पायजे."

"बसीन ना. पोट्टी वाढली का बसीन."

"मग वाढल्यावर बदलून घ्या."

"तवा तुमी नागपूरले असान. इथं कोन बदलून देईन?"

प्रश्न बिनतोड होता, आणि योगेशचं सामान दारात बांधून पडलं होतं. त्यानं दोन इंच जास्त ठेवून दिलं. पीटीच्या सरांनी जन्मात चाकांचं धनुष्य हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळं पुढं कुणी विचारलंही नाही.

खुशी पुढं वाढलीच नाही. चौदाव्या वर्षीच आईएवढी झाली होती, तिथंच थांबली. धनुष्यही तसंच राहिलं. साध्या धनुष्याची दोरी आपण हवी तिथवर ओढतो आणि थांबतो. चाकांच्या धनुष्याचं तसं नसतं. त्याची दोरी ठरवलेल्या जागी भिंतीला टेकल्यासारखी थांबते, आणि माणसाला तिथवर पोचावंच लागतं. खुशी पोचायची. त्यासाठी मान मागं टाकायची, डावा खांदा कानाला लावायची, कोपर ताठ करायची. मग धनुष्यावर लावलेल्या भिंगातला लाल टिपका नेमावरून इकडं तिकडं पळायचा. सुटलेली दोरी कोपराच्या आत सपकन लागायची आणि तिथं काळंनिळं व्हायचं. सगळ्यांचं निदान एकच, पोरीत ताकद नाही. सीमा रोज रात्री बदाम भिजत घालायची आणि सकाळी स्वतः सोलून तिच्या हातावर ठेवायची. तीन वर्षं पोरगी बदाम खात होती आणि टिपका पळत होता.

अमरावतीला जिल्ह्याच्या संघाची निवड झाली तेव्हा खुशीचे शेवटचे बाण लक्ष्याच्या खाली गवतात गेले. ते शोधायला सीमाही तिच्याबरोबर वाकून फिरली. परत येताना स्कूटीवर मागं बसून खुशी म्हणाली, "आई, माहा हात कापते. माह्या हातातच काप हाय."

"बरं. नसीन जमत त राहू दे," सीमा म्हणाली. आपण पोरीवर जबरदस्ती करत नाही, याचं तिला तेव्हा समाधानच वाटलं.

बारावीनंतर खुशी नर्सिंगला अकोल्याला गेली. धनुष्याची पेटी कपाटावर चढली, तिच्यावर गाद्या चढल्या. दोन वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना सीमाला ती सापडली. पडून राहण्यापेक्षा कुणाच्या कामी येईल म्हणून ती पेटी घेऊन अमरावतीला गेली. तिथं देवानंद सर एका मैदानावर पोरांना कंपाउंड शिकवायचे. सरांनी धनुष्य उलटंपालटं करून पाहिलं. चाकं चांगली होती, पण दोऱ्या बदलाव्या लागणार होत्या. "आठ दिवसांनी या. तोवर गिऱ्हाईक पायतो," ते म्हणाले.

आठ दिवसांनी सीमा गेली तेव्हा नव्या दोऱ्या लागल्या होत्या. गिऱ्हाईक काही आलेलं नव्हतं. वाट पाहून कंटाळली तशी ती म्हणाली, "सर, एकडाव मी ओढून पाहू का?"

हा एकडाव तिला भोवला. सरांनी पेच ढिले करून धनुष्य हलकं केलं आणि लक्ष्यापुढं दहा पावलांवर तिला उभी केली. बाण सुटला, थाडकन फोमात घुसला. नेम कसला लागतो, पण त्या आवाजानं तिच्या पाठीतून काहीतरी सरकलं. वर्षानुवर्षं बसमध्ये उभं राहून पाठीत बसलेली गाठ असावी. पुढच्या सुट्टीला ती परत आली. त्याच्या पुढच्याही आली. धनुष्य विकायचं राहिलं ते राहिलंच. खुशीला तिनं हे सांगितलं नाही. पोरीनं ज्या गोष्टीपायी मान खाली घातली, तीच आपण हौसेनं करतोय हे फोनवर सांगायची तिला लाज वाटत होती.

तिच्या गाडीचा ड्रायव्हर श्याम याला मात्र कळलंच. "सीमाताई, आता फुकट्या पॅसेंजरची काई खैर नाई," तो दर फेरीला म्हणायचा. कुलदीप एकदाच म्हणाला, "वांग्यावर माकडं येऊन राहिले, थे पाय जमलं त."

सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, माप मोठं दिसतं, कमी करू. सीमानं उडवून लावलं. "पोट्टीचं माप हाय थे. आन इकाचंच त हाय, मंग कायले हात लावता?" विकायचं धनुष्य म्हणून सरांनीही जोर केला नाही. त्यांनी आधी तिची मूठ धरली. सीमा धनुष्य असं आवळायची की बोटं पांढरी पडत. सेमाडोहच्या वाटेवर घाट लागला की बसमध्ये एका हातानं वरचा दांडा गच्च धरायचा आणि दुसऱ्या हातानं तिकीट फाडायचं, हीच तिची आयुष्यभराची सवय. सर म्हणाले, "ताई, हे एसटीचा दांडा नाई. धरू नका, नुसता तळवा टेकवा. पडन म्हून भेव वाटते त हा पट्टा मनगटात अडकवा."

उभं राहणं मात्र तिला शिकवावं लागलं नाही. दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे ढिले, कंबर जागेवर. बाकीची पोरं पहिले दोन महिने झुलतात, ही पहिल्या दिवसापासून रोवलेली. सर पोरांना सांगायचे, पाय पाहा ताईचे. सीमा नुसती हसायची. मूठ ढिली झाली, पाय पक्के होते, तरी भिंगातला टिपका नाचायचा तो नाचायचाच. दोरी सोडायचं एक बटन ओढणाऱ्या हातात असतं, ते ती घाबरून दाबायची. कोपराच्या आत काळंनिळं पडलं होतं. ते पाहून तिला खुशीचं कोपर आठवायचं, पण विचार तेवढ्यावरच थांबायचा.

मग एका बुधवारी अकोल्याहून फोन आला.

"आई, मी घरी येऊ का? कायमची?"

खुशीची वॉर्डातली ड्यूटी सुरू झाली होती. एका म्हातारीला इंजेक्शन द्यायचं होतं. सुई टोचायच्या वेळी हात कापायला लागला, आणि सिस्टरनी सगळ्यांसमोर तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच दुसरीला पुढं केलं. "तुले त मालूम हाय आई. माह्या हातातच काप हाय. लोकाइच्या जीवाशी कायले खेळू? सोमवारपासून पुन्हा इंजेक्शनाची ड्यूटी हाय, त्याच्या आंदीच सामान बांधतो."

"रविवारलोक थांब," सीमा म्हणाली. "मी येतो अकोल्याले." जाऊन करायचं काय, हे तिलाही माहीत नव्हतं. कुलदीप जेवताना म्हणाला, येऊ दे पोरीला, मळा आहेच. तो प्रेमानंच बोलला, पण सीमानं ताट बाजूला सारलं. पोरीनं एकदा पाऊल मागं घेतलं तेव्हा आपण बरं म्हटलं, आता दुसऱ्यांदाही बरं म्हणायचं का? असं बरं म्हणत म्हणत पोरगी कुठवर मागं येईल?

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. मैदानावर गेली, पण पेटी उघडली नाही. सरांना म्हणाली, "सर, हात कापनं हे रक्तातून येते का? माहा कापते, म्हूनच पोट्टीचा कापत असीन."

सर चहा पीत होते. कप खाली ठेवून उठले. "या इकडे. भिंतीले पाठ लावा, हात पसरा." एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांनी टेप लावली आणि मनाशी हिशेब केला. मग धनुष्याच्या चाकावरची खूण पाहिली. "पुरं दोन इंच जास्त हाय हे. दोरी हनुवटीपाशी थांबाले पायजे, तुमची कानाच्या मांगं जाते. इतकं ताणल्यावर कोनाचाही हात कापन. माहा कापन. तुमची पोट्टी लय उंच हाय काय?"

"नाई," सीमा म्हणाली. "माहेच ब्लाउज होतेत तिले."

हे बोलली आणि तिथंच तिला सगळं दिसलं. योगेशच्या घरातली टेप दिसली, आपलं बोट दिसलं, आपलाच आवाज ऐकू आला. तीन वर्षं पोरगी मान मागं टाकून दोन इंच जास्त ताणत राहिली होती, आणि आपण तिला बदाम चारत राहिलो. सीमा मैदानाच्या कडेला उकिडवी बसली आणि रडली. तिनं रडू दाबलं नाही. सर अवघडून पलीकडं गेले आणि किल्ली शोधत राहिले. किल्ली त्यांच्या खिशातच होती.

मग त्यांनी चाकाचं माप बदललं. दोरीत डोळा लावायचं बारीक कडं असतं, तेही सरकवून तिच्या डोळ्याशी आणलं. "आता ओढा."

सीमानं ओढलं. दोरी हनुवटीपाशी आली आणि थांबली. मान सरळच राहिली. खांदा खालीच. कोपर जरासं वाकलेलं. इतके दिवस ती धनुष्याकडं जात होती, आज धनुष्य तिच्याकडं आलं होतं. टिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या गोलात आला, पण बारीक हलत होता. ती वाट पाहत राहिली, तो थांबेना. शेवटी तिनं दोरी हळूच पुढं सोडून दिली.

"सर, अजून हालते."

"हालनारच. जित्या मानसाचा हालतेच. माहा काय थांबते? पिवळ्याच्या आत हालून राहिला न, हालू द्या त्याले. तुमी त्याच्या थांबाची वाट पायता, आन थो थांबला असं वाटलं का घाबरून बटन मारता. त्याच्याकडं नका पाहू. नेमाकडं पाहा, पाठीनं ओढत राहा. सुटन थो आपोआप."

त्या दिवशी सरांनी तिला लक्ष्याच्या अगदी जवळ उभं करून डोळे मिटून बाण सोडायला लावले. डोळे मिटले की नेमाची भीती नाही, नुसती पाठ कळते, तळवा कळतो. दुपारपर्यंत ती तेच करत होती. उन्हं उतरल्यावर डोळे उघडून मागं जाऊन सोडले तेव्हा बाण पिवळ्यात आणि लालात बसले, एक निळ्यात गेला. तिला त्यात फारसा आनंद झाला नाही. तिला रविवार दिसत होता.

रविवारी ती पेटी घेऊन अकोल्याच्या गाडीत चढली. कंडक्टर दुसऱ्या डेपोचा होता. "ताई, पेटीत बाजा हाय काय? वाजवा मंग थोडं," तो म्हणाला. सीमानं पेटी मांडीवर घेतली आणि मूर्तिजापूर जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. एरवी तिनं त्याला सोडला नसता.

अकोल्याला देवानंद सरांच्या ओळखीच्या एका मॅडमांचं मैदान होतं, त्यांना फोन झालेला होता. खुशी सकाळची ड्यूटी करून युनिफॉर्मातच आली. बाह्या कोपराच्या खाली लोंबत होत्या, त्या तिनं दोनदा दुमडल्या होत्या. युनिफॉर्म सीमानंच भातकुलीच्या टेलरकडून शिवून घेतला होता. पेटी पाहून खुशी थबकली.

"हे कायले आनलं? हे त तू इकलं होतं ना?"

"नाई इकलं. मी शिकून राहिली थे."

"तू?"

सीमानं पेटी उघडली. बोलायचं तिनं बसमध्ये बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. ती सरळ म्हणाली, "खुशे, तुह्या हातात काप नाई. धनुषात होता. थो मी ठेवाले लावला. योगेशभाऊ नाई म्हने, म्या म्हटलं, दोन इंच जास्तच ठेवा. तू वाढसीन म्हून."

खुशीनं मान हलवली. "मले बरं वाटावं म्हून सांगून राहिली तू."

"मंग ओढून पाय. माह्या मापाचं केलं हाय, म्हंजे तुहंही हाय."

खुशी नको म्हणत होती. ती म्हणाली, हात दुखतात, रात्रीची झोप नाही. सीमानं ऐकून घेतलं, मग बाण लावून दिला आणि मनगटात पट्टा अडकवला. "धरू नको. तळवा टेकव नुसता."

खुशीनं सवयीनं मान मागं टाकली आणि ओढलं. दोरी मधेच, हनुवटीपाशी थांबली. ती दचकली. मान पुढं आणली, तशी दोरी नाकाच्या शेंड्याला लागली आणि कड्यातून समोरचा गोल स्वच्छ दिसला. ती तशीच उभी राहिली. सीमा तिच्या कोपराकडं पाहत होती. तीन वर्षं ताठ राहिलेलं ते कोपर वाकलेलं होतं. बाण सुटला आणि पिवळ्याच्या कडेला बसला.

खुशीनं धनुष्य खाली घेतलं. मग म्हणाली, "तीन वर्षं, आई."

"हो."

"मले सगळे म्हनत, ताकद नाई. तूही म्हनत होती."

"हो. म्हनत होती मी."

खुशी चिडली होती, आणि तिनं चिडावं असंच सीमाला वाटत होतं. तिनं दुसरा बाण स्वतःच लावला. मग तिसरा. आईशी न बोलता ती बाण सोडत राहिली आणि दर वेळी तणतणत जाऊन स्वतःच उपटून आणत राहिली. सीमा कडूलिंबाखाली बसून होती. बऱ्याच वेळानं खुशी आली आणि शेजारी बसली.

"टिपका अजून हालते पन. थोडा थोडा."

"तेवढा माहाही हालते. सरचाही हालते. सगळ्याइचाच हालते म्हने. थो थांबाची वाट नाई पाहाची."

"सगळ्याइचा?"

"मंग."

हे मात्र खुशीला नवीन होतं. घरी येण्याचं दोघींपैकी कुणीच काढलं नाही. निघताना खुशीनं दुमडलेल्या बाह्या सोडल्या आणि हात आईपुढं धरले. कापड पार बोटांपर्यंत आलं. "हेही कमी करून दे आता. सुई धरताना मधात येते. आन टेलरले मीच सांगीन."

स्टँडजवळ एक टेलर रविवारीही बसला होता. त्यानं टेप लावली. सीमाचं तोंड सवयीनं उघडलं, आणि तिनं ते मिटून घेतलं. खुशी म्हणाली, "माप हाय तेवढंच ठेवा भाऊ. आता वाढत नाई मी."

सोमवारी सीमाची गाडी घाटात होती, फोनला रेंज नव्हती. दांडा धरून तिकिटं फाडताना तिचं दोनदा चुकलं. श्यामनं आरशातून पाहिलं, पण चेष्टा केली नाही. धारणीच्या स्टँडवर गाडी लागली, पॅसेंजर उतरले, तेव्हा फोन वाजला.

"देलं आई. त्याच म्हातारीले देलं."

"कापला का हात?"

"कापला. थोडासा."

"मंग?"

"मंग काय, कापू देला. सुई बरोबर गेली. म्हातारी म्हने, पोरी, तुह्याकडून दुखलं नाई."

सीमा गाडीच्या पायरीवर खाली बसली. श्याम काचेतून हाक मारत होता, चहा घेता का म्हणून. तिनं हातानंच हो म्हणून सांगितलं.